आयटीआयचा कागद नीट वाचा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) अप्रेंटिस लागताय? स्टायपेंडच्या आकड्याआधी करार बघा. अप्रेंटिस कायदा, १९६१ खाली तो सरकारी पोर्टलवर नोंदलेला असला, तरच शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. नाहीतर हाती नुसतं अनुभवपत्र, मालक कितीही भला असो. नोंदणी बहुतेक नावावर अडते: गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. हे करारापूर्वीच जुळवून घ्या, नंतर फार चपला झिजतात.

आयटीआयच्या सर्टिफिकेटवर एनसीव्हीटी आहे की जीसीव्हीटी, तेही तपासा. दोन्ही व्यवसाय प्रशिक्षणाच्या परिषदा: पहिली राष्ट्रीय, दुसरी गुजरात राज्याची. फिटरचं काम दोघांना सारखंच येत असेल, पण भरतीचा कारकून जाहिरातीतलीच अक्षरं शोधतो. आणि एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीची, लेव्हल म्हणजे मार्क नव्हेत. ती कोर्सची पायरी, तुमची नाही.