घडीच्या सायकलीचे गिअर आणि आमची वाटचाल

आमचं दुकान पुण्यात कर्वेनगरला सुरू झालं ते पंक्चर आणि ओव्हरहॉलिंगच्या कामावर. घडीच्या सायकली आल्या हिंजवडीला जाणाऱ्यांमुळे, कंपनीच्या बसच्या डिकीत सायकल टाकायची आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत चालवत जायचं. येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "दादा, यात २१ गिअर बसतील का?" आणि आमचं उत्तर आजही तेच आहे, पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती), मागे ७ नाहीतर ८, बास! पुढे डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) घातलं की बिजागरीजवळून अजून एक केबल न्यायची, ती रोज घडीबरोबर वाकणार, आणि मिळणारे निम्मे गिअर एकसारखेच.

खरं लक्ष द्यायचं ते दात्यांकडे. २० इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर जातं, म्हणून पुढे ४२ दाते ठेवले तर सपाट रस्त्यावर पाय नुसते फिरत राहतात. आम्ही ५२ लावतो, मागे ११ वर पेडलच्या एका फेऱ्याला ७ मीटर मिळतात. कोथरूडहून चांदणी चौक चढून जाणाऱ्याला मागे ११-३२ (सगळ्यात लहान चकतीला ११ दाते, मोठीला ३२) देतो, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला अडीच मीटरच्या आत, बाकीच्यांना ११-२८ भरपूर होतं.

डिरेलर निवडताना मात्र आम्ही हट्टी आहोत. चाक लहान म्हणजे एक्सल जमिनीजवळ, लाँग केज (डिरेलरचा साखळी ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेलं) लावलं तर ते स्पीडब्रेकरला आणि पावसाळ्यातल्या चिखलाला लागायला आलेलं असतं, म्हणून ११-२८ ला शॉर्ट आणि ११-३२ ला मीडियम. घडी झाल्यावर ते बाहेरच्या बाजूला राहतं, डिकीत बॅगा आपटून हँगर (डिरेलर फ्रेमला जिथे बसतं तो तुकडा) वाकतो, त्यामुळे छोटा गार्ड आम्ही सांगूनच लावतो. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) डिरेलरच्या जोडीचाच हवा, कारण एका क्लिकला किती केबल ओढायची ते तोच ठरवतो, शिमानो कंपनीच्या डिरेलरला स्रॅम कंपनीचा जुना १:१ शिफ्टर (जितकी केबल ओढेल साधारण तितकंच डिरेलर सरकवणारा) जुळत नाही.

ज्यांना सगळं बंदिस्त हवंय त्यांच्यासाठी शिमानोचा नेक्सस ३ हब आहे, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यभागी बंद असलेले तीन गिअर, सिग्नलला उभं राहूनही गिअर बदलतो आणि साखळी पडायची भीती नाही. पण हलक्या-जड गिअरातला फरक १.८६ पटच, ११-३२ ला तो २.९ पट असतो, शिवाय मागचं पंक्चर काढताना केबल सोडवावी लागते, म्हणून तो फक्त सपाट रस्त्यावाल्यांनाच सुचवतो. डिलिव्हरीआधी सायकल घडी घालून, उघडून, सगळे गिअर पुन्हा तपासतो, केबल ताणली गेली की इंडेक्सिंग (एका क्लिकला गिअर नेमका बसणं) हलतं.