टायमिंग लाइट 10 अंश दाखवत होता

डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बाजूला ठेवून क्रँकवरच्या दातेरी चकतीने ठिणगी द्यायची सोय केलेली एक जुनी गाडी माझ्याकडे आली. मालकाला ती परत पॉइंट-कंडेन्सरवर, म्हणजे जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीवर, आणून हवी होती. ज्या गॅरेजने कन्व्हर्शन केलं, त्यांनीच शेवटी हात टेकले होते. "जुन्या इंजिनाला हे मानवत नाही," असं सांगून मोकळे झाले. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. इंजिनाला ठिणगी योग्य क्षणी हवी असते, ती कुठून आली याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. एका कॉइलने दोन प्लग एकाच वेळी उडवायचे आणि डिस्ट्रिब्युटर ठेवायचाच नाही, ही युक्ती सिट्रोएनच्या टू-सीव्हीत 1948 पासून होती. त्यात नवलाचं काही नाही.

इंजिन 1970च्या दशकातलं, चार सिलिंडरचं, एका कार्ब्युरेटरचं. चावी फिरवली की पटकन चालू व्हायचं. पण पिकअप मेलेला, चढावर तापमानाचा काटा लालकडे जायचा, पेट्रोल वाढलेलं, पाय काढला की सायलेन्सरमध्ये फटफट. रात्री बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्ड लालसर दिसतो, असंही मालक म्हणाले. आणि हे सगळं कन्व्हर्शननंतर सुरू झालेलं. आधी गाडी जुनी होती, पण पळत होती.

तक्रार ऐकतानाच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडलंय असं वाटत होतं. ठिणगी उशिरा पडली की जाळ उशिरा पेटतो, पिस्टन खाली निघालेला असतो, त्याला ढकलण्याऐवजी उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर जाते. मॅनिफोल्ड लाल होतो तो त्यामुळेच. पण मालकांनी लगेच सांगितलं, "टायमिंग त्यांनी माझ्यासमोर लाइट लावून दाखवलं. बरोबर होतं."

मी लाइट लावला. ठिणगीबरोबर तो चमकतो आणि पुलीवरची खूण किती अंशांवर आहे ते दाखवतो. खूण 10 अंशांवर, मॅन्युअलमध्ये आहे तशी. बरोबर होतं.

आधी त्या गॅरेजच्या कामाबद्दल. वायरिंग इतकं नीट होतं की मी माझ्या पोरांना बोलावून दाखवलं. ठिणगी सोडणारं मॉड्यूल 1990च्या दशकातल्या फोर्डच्या गाड्यांमधलं, ईडीआयएस-4. चकती 36 दातांची, त्यातला एक दात काढलेला, म्हणजे दर 10 अंशांना एक दात. सेन्सरच्या तारेवर जाळी होती आणि ती एकाच टोकाला अर्थ केलेली. दोन्ही टोकांना अर्थ करणारे मी कितीतरी पाहिलेत, मग मिसफायर शोधत बसतात. सेन्सर आणि दात यांतली फट 1 मिलिमीटरच्या आसपास, चकती फिरवून सगळीकडे पाहिली, सारखी. सेन्सरच्या दोन तारा उलट लागल्या तर टायमिंग नाचतं, तेही नव्हतं. प्लग रेझिस्टरचे. कॉइलपॅकवर 1 आणि 4 एका जोडीत, 2 आणि 3 दुसऱ्या जोडीत.

मग ऑसिलोस्कोप काढला. ठिणगीची वेळ ठरवणारा कंट्रोलर या मॉड्यूलला ठिणगी किती अंश आधी, म्हणजे किती अंश अॅडव्हान्स हवा ते एका पल्सच्या लांबीने सांगतो: 1536 मायक्रोसेकंद, त्यातून प्रत्येक अंशाला 25.6 वजा. 10 अंशांना 1280. स्क्रीनवर 1280 दिसत होते. ती तार सोडवली की मॉड्यूल स्वतःच्या हिमतीवर ठाम 10 अंशांवर चालतं. सोडवली. लाइटमध्ये 10. कंट्रोलरने मागितलं ते मॉड्यूलने दिलं, मॉड्यूलने दिलं ते लाइटने दाखवलं, आणि इंजिन मात्र उशिरा ठिणगी पडल्यासारखं रडत होतं.

पुढचा मार्ग सुचला तो डिस्ट्रिब्युटर जागेवर असल्यामुळे. या इंजिनात ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे तो उपटून भोकाला झाकण लावता येत नाही. काही जण वरचा भाग कापून टाकतात. या गॅरेजने काहीही न कापता फक्त रोटर आणि कॅप काढून वरून पत्रा बसवला होता. क्लॅम्पचा बोल्टसुद्धा हलवलेला नव्हता, त्यावरचा जुना चिकटा तसाच. रोटर, कॅप, जुन्या केबल मालकांनी डिकीत जपून ठेवलेल्या, जुनी कॉइलही बॉडीवर होती. मी सगळं परत जोडलं, पॉइंटची फट फीलर गेजने 0.4 मिलिमीटर केली आणि गाडी चालू केली.

इंजिनाचा आवाजच बदलला. डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या बुशमुळे स्लो थोडा डळमळत होता, पण रेस दिली की उसळत होतं. मालक बाकावरून उठून आले. "हीच माझी गाडी," म्हणाले. त्यांच्या दृष्टीने काम तिथेच संपलं होतं.

माझ्या दृष्टीने संपलं नव्हतं, कारण व्हॅक्यूमची नळी काढून लाइट लावला तर खूण 22 अंशांवर. स्लोला 22! मॅन्युअलमधल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. एवढं टायमिंग पुढे असेल तर स्टार्टरला उलटा धक्का बसायला हवा, चढावर नॉकिंगचा खडखडाट व्हायला हवा. यातलं काहीही नव्हतं. म्हणजे 22 वर इंजिन खूश आणि 10 वर आजारी. लाइट दोन्ही वेळा तोच, खूणही तीच.

तेव्हा खुणेवरच संशय आला. क्रँक पुली म्हणजे एक अखंड लोखंड नव्हे. आतला हब क्रँकला पक्का, बाहेरचं जड कडं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये रबर, क्रँकची थरथर शोषायला. टायमिंगची खूण कोरलेली असते बाहेरच्या कड्यावर. रबर म्हातारं झालं की फॅन बेल्टच्या ओढीने कडं हळूहळू मागे सरकतं. बाहेरून काही कळत नाही. पुली डगमगत नाही, बेल्टही ओरडत नाही.

खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती क्रँकची जागा, काढायचा तर खूण विसरायची आणि पिस्टनला विचारायचं. पिस्टन सगळ्यात वर कधी पोचतो ते डायल गेज लावून बघायचं असं अनेकांना वाटतं, पण तिथे पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. 80 मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीपासून एक अंश सरकलं तरी पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाही खाली येत नाही. डोळ्याला तो अंश सापडणार कसा? म्हणून पिस्टन स्टॉप. जुन्या प्लगची चिनीमाती काढून टाकायची, आत आटे पाडून गोल टोकाचा बोल्ट बसवायचा. बॅटरी सोडवलेली, चारही प्लग काढलेले. एक नंबरमध्ये स्टॉप बसवला, अंशांची चकती क्रँकच्या मधल्या बोल्टवर लावली (पुलीच्या कड्यावर नाही, नाहीतर सगळंच वाया), आणि पान्याने हलक्या हाताने क्रँक फिरवला. पिस्टन टेकला, तिथे खूण. उलटा फिरवला, दुसरीकडून टेकला, तिथे खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये टीडीसी. पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. स्टॉप काढून क्रँक त्या जागी आणला आणि मग पुलीकडे बघितलं.

कारखान्याची खूण इंजिनावरच्या टायमिंगच्या काट्याच्या 12 अंश अलीकडे उभी होती. पुली 160 मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण 17 मिलिमीटरची तफावत. बोटाची रुंदी! 10 अंश असते तर चकतीचा एक दात चुकला असं म्हणून मी पुढे गेलो असतो. 12 असल्यामुळे दात मोजण्यातली चूक नाही हे पक्कं झालं.

त्या गॅरेजने दातेरी चकती या सरकलेल्या कड्यावर, या सरकलेल्या खुणेवरून लावली होती. मग ठिणगी खरोखर पडत होती टीडीसीनंतर 2 अंशांवर. आणि लाइट तीच खूण वाचत असल्यामुळे म्हणत होता 10. चकती आणि लाइट या दोघांनी एकमेकांची री ओढली, आणि त्याला सगळ्यांनी पुरावा मानलं. चकती कड्यावरच असल्यामुळे रबर आणखी सरकलं असतं तर टायमिंग आणखी मागे गेलं असतं आणि लाइट तेव्हाही 10च म्हणाला असता.

कंट्रोलरमध्ये 12 अंश मिळवून गाडी त्याच दिवशी देता आली असती. असं करणारे आहेत. मी ते करायला तयार नव्हतो, कारण सरकणारी गोष्ट सरकतच राहते. पुलीचं रबर नवीन बसवून घेतलं. चकतीसाठी लेथवर वेगळा बेस काढला, तो थेट हबला, जागा चुकू नये म्हणून डॉवेल पिनसह. रिकामा दात सेन्सरसमोरून गेल्यावर नववा दात समोर आला की टीडीसी, असं बसवलं. खऱ्या 10 अंशांवर गाडी चालू झाली ती जणू नवं इंजिन. स्लोला सुई हलत नव्हती. पॉइंटवर ते इंजिन कधीच तसं चाललं नसतं, कारण डिस्ट्रिब्युटरच्या बुशची ढिलाई आणि टायमिंग चेनचा सैलपणा आता ठिणगीच्या वाटेत उरलाच नव्हता. मालकांनी कन्व्हर्शन ठेवलं.

डोक्यातून जात नाही ते जुन्या मिस्त्रीचं टायमिंग. डिस्ट्रिब्युटर कोणी लावला होता ते मालकांनाही आठवत नाही. त्या माणसाने कानाने लावला असणार, कारण लाइट धरला असता तर 22 बघून त्याने तो मागे ओढला असता. 22 मधून 12 गेले की राहतात 10. मॅन्युअलच्या आकड्यावर! नवी सिस्टिम त्याच्या कामापेक्षा कितीतरी अचूक आहे, पण तिला हाताने फिरवायची जागाच नाही. डिस्ट्रिब्युटर सैल करून इंजिन सुखावेपर्यंत वळवता येत होता, त्यामुळे चुकीची खूण कोणाला नडली नाही.

त्या गॅरेजवाल्याला मी फोन केला. भांडायला नव्हे, काम चांगलं होतं म्हणून. "अहो, लाइटमध्ये 10 होतं, मी स्वतः बघितलंय," एवढंच तो म्हणत राहिला. त्याने अशाच पुलीच्या आणखी गाड्यांना चकत्या लावल्यात, सगळ्या कड्यावर, सगळ्या खुणेवरून. त्यातल्या एखाद्या मालकालाही जुन्या इंजिनाला मानवत नाही हेच ऐकवलं गेलं असेल. माझा पिस्टन स्टॉप घेऊन जा, म्हणून सांगितलंय. अजून कोणी आलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे.