परवान्यावरचे आरोग्य

गेल्या महिन्यात जुनी कागदपत्रे चाळताना काकांचा मद्यसेवनाचा आजीवन परवाना हाती लागला. घडीवर विरलेला, कोपऱ्यात फिकट शिक्का असलेला तो कागद होता. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तेव्हापासून महाराष्ट्रात दारू विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. देशीचा एक दिवसाचा परवाना दोन रुपयांत, विदेशीचा पाच रुपयांत मिळतो. या परवान्याचा लिखित उद्देश मात्र धारकाचे आरोग्य राखणे हा आहे!

काका अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, म्हणून घरात शेवटपर्यंत नशिबालाच बोल लावला गेला. एका माणसाचा आजार दारूमुळेच झाला असे कोणी सांगू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण रोजच्या दोन पेगांचा विचारही कोणाच्या मनात आला नाही, हे मला अधिक खटकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात टाकले. शरीरात अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. मग ते अल्कोहोल महागड्या वाइनमधले असो वा देशीतले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणी हा धोका वाढतो. तंबाखूची जोड मिळाली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी चढतो.

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. बाटलीवर मात्र मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नये, एवढेच छापलेले असते. कर्करोगाचा उल्लेखही नसतो. आयर्लंडने २०२३ मध्ये तसा थेट इशारा बाटलीवर बंधनकारक करणारा नियम केला खरा, पण २०२६ मध्ये होणारी अंमलबजावणी व्यापाराच्या काळजीपोटी २०२८ वर ढकलली.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क वाढवले. किंमत वाढली की पिणे घटते, हा आरोग्यधोरणातला सर्वांत खात्रीचा उपाय. पण तो इथे योजला गेला महसुलासाठी. शिवाय त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकारही आणला, ज्याची १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये, तर विदेशीची २०५. महाग दारू परवडेनाशी झालेल्याला एक पायरी खाली उतरण्याची सोय सरकारनेच करून ठेवली.

बाटलीवरचा इशारा ठरवणे केंद्राच्या अखत्यारीत येते, हे खरे. परवान्याचा मजकूर मात्र राज्याचाच आहे. आरोग्याचा उल्लेख खोडून त्या जागी कर्करोगाची एक ओळ मराठीत छापायला दिल्लीला विचारावे लागत नाही.