तर्जनीमध्यमे विना

ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी सकाळचा योगवर्ग घेते. येणारे बहुतेक निवृत्त, त्यातल्या कित्येकांची नोकरी इस्टेटमधल्या कारखान्यांत झालेली. त्या दिवशी हस्तमुद्रांवर बोलायचं ठरलं होतं, कारण आमच्या एका काकूंनी मोबाईलवर आलेला तक्ता मोठा छापून, लॅमिनेशन करून आणला होता. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. खाली मुद्रांची नावं आणि प्रत्येकीपुढे ती बरे करते म्हणून आजारांची यादी.

तक्ता हातोहाती फिरला आणि मागच्या रांगेत, नुकतेच यायला लागलेल्या एका काकांपाशी अडला. हे काका ध्यानाला बसताना उजव्या हातावर नॅपकिन टाकून बसायचे. त्यांनी नॅपकिन बाजूला केला आणि हात वर केला. तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून नव्हतं. ऐन तरुणपणी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर काम करताना, डायमधून (साच्यातून) पीस काढत असतानाच प्रेस पुन्हा खाली आला होता.

"मॅडम, या हिशेबानं माझ्या उजव्या हातात वायू नाही आणि आकाशही नाही. मग मी बसून उपयोग काय?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि काकूंचा चेहरा उतरलेला मला दिसत होता.

मी सांगितलं ते असं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात दहा मुद्रा आहेत: महामुद्रा, महाबंध, महावेध, खेचरी, उड्डियान, मूलबंध, जालंधर, विपरीतकरणी, वज्रोली, शक्तिचालन. यात बोटाला बोट लावून बसायची एकही नाही. हातांच्या मुद्रा भेटतात त्या पूजेत, न्यासात (मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करतात त्यात), संध्येत. गायत्रीजपाआधीच्या चोवीस मुद्रा काही घरांत अजूनही शिकवतात. आणि तिथली बोटांची वाटणी या तक्त्यासारखी नाही. मानसपूजेत, म्हणजे मनातल्या मनात करायच्या पूजेत, गंध पृथ्वीचं, ते करंगळीनं; पुष्प आकाशाचं, ते अंगठ्यानं; धूप वायूचा, तर्जनीनं; दीप अग्नीचा, मधल्या बोटानं; नैवेद्य अनामिकेनं. तक्त्यात अंगठा अग्नी, तर इथे आकाश. पृथ्वी तिकडे अनामिकेत, इकडे करंगळीत. महाभूतं बोटांत भरून ठेवलेली असती तर त्यांनी अशी जागा बदलली नसती. मन कुठेतरी लावायचं म्हणून साधकाला बोट दिलं आहे, असं मी मानते आणि तसंच शिकवते. ज्ञानमुद्रेत तर्जनी अंगठ्याला टेकते तो हलका स्पर्श सुटला, की मन भटकलं हे बसणाऱ्याला आपसूक कळतं. हा फायदा मी रोज बघते. आजारांच्या यादीबद्दल मात्र स्पष्ट बोलले: मुद्रेच्या भरवशावर साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी कुणीही बंद करायची नाही, आणि छातीत दुखलं तर बोटं जुळवत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

मग अनुलोम-विलोम घेतला, म्हणजे आळीपाळीनं एकेक नाकपुडी बंद करून श्वास घेणं-सोडणं. त्यासाठी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडावं लागतं. नव्या माणसाला हेच जड जातं. तर्जनी उभी राहते, ती आवरताना मनगट वळतं, मग कोपर वर जातं, खांदा ताठतो, आणि श्वासाकडे लक्षच राहत नाही. पुढच्या रांगेत नेमकं तेच चाललं होतं. काकांनी हात नाकाशी नेला. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डावीवर. दुमडायला काही नव्हतंच. खांदा सैल, कोपर खाली, दाब अगदी बेताचा. इतका नीट धरलेला हात त्या दिवशी हॉलमध्ये दुसरा नव्हता.

मला घेरंडसंहिता या हठयोगाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथातल्या प्राणायामाच्या भागातली ओळ आठवली आणि मी ती तिथेच म्हटली: कनिष्ठानामिकाङ्गुष्ठैस्तर्जनीमध्यमे विना. करंगळी, अनामिका आणि अंगठा यांनी नाकपुड्या धरायच्या. तर्जनी आणि मधलं बोट वगळून.

"पुस्तकात असं लिहिलंय?" काकांनी विचारलं. मग माझ्याकडून ती ओळ पुन्हा म्हणवून घेतली. काकूंनी पर्समधून मार्कर काढला आणि तक्त्याच्या मागच्या बाजूला ती लिहून घेतली, चार जणांनी जोडाक्षरं सांगत.

वर्ग सुटल्यावर काका थांबले. म्हणाले, "एक सांगू? ज्ञानमुद्रेला डोळे मिटले की मला ते बोट लागतं अंगठ्याला. नाहीये, तरी लागतं. घरी सांगितलं तर हसतील."

हसण्यासारखं त्यात काहीच नाही. अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा पुसली जात नाही. पेनफिल्ड या शल्यविशारदानं १९३० च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून शरीराचा नकाशा मांडला, त्यात हाताला आणि बोटांना आकाराच्या मानानं फार मोठी जागा मिळालेली आहे. हे मी त्यांना माझ्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, त्या वेळी बोट ठणकतं का. थंडीत ठणकतं, म्हणाले, एरवी नुसतं असतं.

तेव्हा आम्ही असं ठरवलं. डाव्या हाताची ज्ञानमुद्रा सगळ्यांसारखी. उजव्या हाताचा अंगठा, बोट जिथे लागतं असं वाटतं तिथेच सोडायचा. ठणका सुरू झाला तर अंगठा अनामिकेला टेकवायचा. तोही नको वाटला तर तळवा मांडीवर पालथा ठेवायचा. आणि ठणका वाढत गेला तर डॉक्टरांना दाखवायचं, माझ्या सल्ल्यावर थांबायचं नाही.