आते

फिलिपाइन्समधल्या दावाओला गेल्यावर पहिला महिना नात्यांनीच माझा गोंधळ उडवला. तिथं 'मामा' म्हणजे आई आणि 'आते' म्हणजे थोरली बहीण. फोनवर सांगितलं तर लातूरहून आजी म्हणाली, "मग खऱ्या मामाला काय म्हणतात गं?"

एमडीच्या पोस्टिंगमध्ये, 2019 साली, आम्हाला घरभेटींना पाठवायचे. सोबत बारांगायची, म्हणजे तिथल्या वॉर्डाची, आरोग्यसेविका. अगदी आपल्या आशाताईंसारखी, सगळ्यांच्या चुली माहीत असलेली. त्या सकाळी वाटेतच तिनं सांगितलं, बाईला स्किझोफ्रेनिया आहे, नवरा सौदीला आहे, आणि शेजारी 'बुआंग' म्हणतात. बुआंग म्हणजे वेडी. आधी तांबालानकडे, म्हणजे गावठी वैदूकडे नेलं होतं. 'बाहेरचं' म्हणणारी माणसं तिथंही होतीच.

पत्र्याच्या घराचं दार सोळा वर्षांच्या मुलीनं उघडलं. साडेदहा वाजले होते आणि अंगात शाळेचा गणवेश.

"शाळा नाही आज?"

"आज मामा," ती म्हणाली. एवढंच.

आई कोपऱ्यात बसून शांतपणे लसूण सोलत होती. माझ्याकडे पाहून हसलीसुद्धा. धाकटा भाऊ, तेरा वर्षांचा, सुकी मासळी तळत होता. फळीवरचा रेडिओ टॉवेलमध्ये गुंडाळून वर दोरीनं बांधला होता. तिकडं बोट करून मुलगी म्हणाली, "रेडिओ झाकला की तीन-चार दिवसांत झोप जाते. काल झाकलाय." आजाराच्या खुणा आम्ही पुस्तकातून पाठ केल्या होत्या. त्यांत टॉवेल नव्हता.

मी गोळ्या बघायला मागितल्या. रिस्पेरिडोनच्या गोळ्या नेलकटरनं अर्ध्या केलेल्या, औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेल्या. मी एकदम डॉक्टरी आवाजात सुरू झाले. डोस मनानं कमी करायचा नसतो, आजार उलटतो, वगैरे. मुलीनं मान खाली घालून ऐकून घेतलं, मग दप्तरातून एक वही काढून माझ्या हातात दिली.

तारखा, झोपेचे तास, गोळी 'पूर्ण' की 'अर्धी', सगळं रेघा मारून लिहिलेलं. नऊ तारखेपासून 'अर्धी'. त्या दिवशी आरोग्य केंद्रात साठा संपला होता. पुढच्या आठवड्यात ये, आणि मोठ्या माणसाला घेऊन ये, असं सांगून तिला परत पाठवलं होतं. घरातलं मोठं माणूस रेडिओ बांधत बसलेलं. सात गोळ्या उरल्या होत्या.

"पूर्ण दिली तर सात दिवस आणि मग काहीच नाही, की अर्धी चौदा दिवस? कुठलं बरं, डॉक?"

मला सांगता येईना. वही उगाच चाळत राहिले. मागच्या पानावर नुसती दोन आद्याक्षरं होती, एकापुढे 8, दुसऱ्यापुढे 11. शाळेतले गुण असतील, असं वाटलं.

मानसिक आरोग्याची सेवा बारांगायपर्यंत पोचवायची, असा कायदा तिथं जून 2018 मध्ये झालाय. परीक्षेत त्यावर मी छान उत्तर लिहिलं होतं. आमच्या मॅडमनी मात्र कायदा न सांगता फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळवल्या. अशा मुलांना तिथं 'तागासालो' म्हणतात, असं त्यांनीच मला सांगितलं. सालो म्हणजे झेलणं. घरात जे पडेल ते झेलणारं पोर.

वडिलांना यातलं कितपत ठाऊक होतं? व्हिडिओ कॉल आला की मुलगा फोन धरायचा आणि आई बरी दिसेल तेवढाच कोपरा दाखवायचा. वडील काळजीनं परत आले तर पैसे कुठून येणार, असा सरळ हिशोब. मला आधी राग आला, मग नाही आला.

निघताना मुलगा ट्रायसिकलपर्यंत, म्हणजे तिथल्या रिक्षापर्यंत, पोचवायला आला. सेविका पुढं चालत होती. तो हळूच म्हणाला, "मामाला सुरू झालं तेव्हा ती चोवीसची होती. मला होईल?"

आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहात एक. मी ते उलटं सांगितलं, दहातल्या नऊ जणांना होत नाही म्हणून.

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे कळायला अजून अकरा वर्षं," तो म्हणाला. ट्रायसिकल सुरू झाली तसा धावत जवळ आला. "डॉक, मी विचारलं ते आतेला सांगू नका. ती घाबरेल."