एका पायावरची बासरी

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जेथ्रो टल नावाचा एक शेतकरी होता. बी मुठीने फेकण्यापेक्षा ते ओळीत आणि ठरावीक खोलीवर पडावे म्हणून त्याने घोड्याने ओढायचे एक पेरणीयंत्र तयार केले. आपल्या पाभरीच्या जातकुळीतले ते अवजार. तो वारल्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, १९६८ साली, लंडनच्या क्लबांमधून हिंडणाऱ्या काही केसाळ तरुणांच्या रॉक बँडच्या वाट्याला त्याचे नाव आले. ते त्यांनी स्वतः निवडले नव्हते. एकाच क्लबाने दुसऱ्यांदा बोलवावे इतके त्यांचे वादन तेव्हा कोणाला आवडत नसे, म्हणून त्यांचे एजंट दर थोड्या दिवसांनी नवे नाव लावून त्याच मुलांना पुन्हा त्याच दारात उभे करीत. कचेरीतल्या कोणा इतिहासप्रेमी माणसाने ‘जेथ्रो टल’ सुचवले, आणि नेमके ते नाव चालू असताना मार्की क्लबच्या व्यवस्थापकाने ‘पुन्हा या’ म्हटले. आता नाव बदलायची सोय उरली नाही. पहिल्या तबकडीवर तर ‘जेथ्रो टो’ असे छापले गेले. गायक इअन अँडरसन याला हे नाव कचेरीतच रचलेले वाटले होते. ते एका खऱ्या, मेलेल्या माणसाचे आहे हे त्याला मागाहून कळले आणि त्याची रुखरुख तो अजून बोलून दाखवतो.

हा बँड मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे, आणि त्याच्या संगीताइतकीच त्याची एक सवय मला आवडते. लोकांनी आपल्याविषयी केलेला गैरसमज खोडून काढण्यात शक्ती घालवण्याऐवजी हे लोक तो दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या कोटासारखा अंगात घालतात, आरशासमोर उभे राहतात आणि मग तोच मिरवत बाहेर पडतात. गंमत अशी, की काही वर्षांनी तो कोट त्यांनाच बेतून शिवला होता असे वाटू लागते.

बासरीचेच पाहा. स्कॉटलंडच्या डनफर्मलिनमध्ये जन्मलेला आणि ब्लॅकपूलमध्ये वाढलेला अँडरसन मुळात गिटार वाजवायचा. नामांकित गिटारवादक एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर या वाटेने गेलो तर आपण कायम दुसऱ्या रांगेत राहू, हे त्याच्या ध्यानात आले आणि १९६७मध्ये त्याने आपली गिटार दुकानात देऊन बदल्यात एक बासरी आणि एक मायक्रोफोन घेतला. (ती गिटार पूर्वी लेमीची होती, हाच लेमी पुढे मोटरहेड या बँडचा कर्ताधर्ता झाला.) बासरी त्याला कोणी शिकवली नाही. काही महिन्यांत तो ती घेऊन रंगमंचावर उभा राहिला, आणि जिथे सूर नीट लागत नव्हता तिथे तो फुंकता फुंकताच गळ्याने गुणगुणू लागला. अमेरिकी जाझवादक रोलँड कर्क हे आधीपासून करीत असे, आणि पहिल्याच अल्बमवर कर्कची एक रचना घेऊन अँडरसनने ते ऋण उघडपणे मान्यही केले. आपल्या कानाला बासरी म्हटले की पहाट, नदीकाठ आणि मींड एवढेच सुचते. या धातूच्या बासरीत मात्र सुराइतकीच फुंकर ऐकू येते. थुंकी, खोकल्यासारखा झटका, दातांमधून सुटलेली हवा, मध्येच एखादी शिवी हासडावी तसा हुंकार. प्रथम ऐकताना हा माणूस वाद्याशी भांडतो आहे असे मला वाटले होते. आजही तसेच वाटते, फक्त आता ते भांडण ऐकण्यासारखे वाटते.

आणि तो एक पाय. अँडरसन तोल सावरायला मायक्रोफोनच्या दांड्याला धरून एका पायावर उभा राहत असे तो हार्मोनिका वाजवताना. एका वार्ताहराने लिहिताना त्या पायाची सांगड बासरीशी घालून दिली. वाचून आलेले प्रेक्षक आता बासरी निघाली की पायाकडे पाहणार हे उघड होते. त्यांची निराशा कशाला करा, म्हणून तो बासरीबरोबर पाय वर घेऊ लागला, जे धरायला काहीच नसल्यामुळे बरेच अवघड होते. पुढची पन्नास वर्षे ती बँडची मुद्राच होऊन बसली. कृष्णाची त्रिभंगी मुद्रा पाहत वाढलेल्या आपल्याला त्यात नवल वाटायचे कारण नाही, पण ब्लॅकपूलच्या त्या पोराला ती एका बातमीदाराच्या घाईने बहाल केली. पुढे नव्वदीच्या दशकात शाळेत बासरी शिकणाऱ्या त्याच्या मुलीमुळे त्याला कळले, की आपण इतकी वर्षे काही सुरांची बोटे चुकीची ठेवत आलो आहोत. तोवर लाखो तबकड्या विकल्या गेल्या होत्या. त्याने चाळिशी उलटल्यावर बोटे नव्याने घोटली.

या बासरीचा पुरावा एकाच तुकड्यात हवा असेल तर तो ‘बूरे’. जर्मन संगीतकार बाखने ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या ई मायनर सुटमधली, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतली, ही छोटी रचना. राहत्या इमारतीत कोणी विद्यार्थी ती गिटारवर पुन्हा पुन्हा घोटत असे आणि ती कानावर पडून पडून डोक्यात बसली, असे अँडरसन सांगतो. १९६९च्या ‘स्टँड अप’ या अल्बममध्ये ती आली. सुरुवातीला बासरी बाखची चाल सरळ मांडते, पण खालचा ठेका जाझचा, किंचित लंगडत चालणारा. मग चाल सुटते आणि बासरी धापा टाकीत मनाला येईल तिकडे धावते. तिला दम लागला असे वाटते न वाटते तोच ग्लेन कॉर्निक बास गिटार पुढे आणतो, आणि तो वाद्यातला सर्वांत दुर्लक्षित गडी चक्क गातो. शेवटी पुन्हा बाख, आता दोन बासऱ्यांच्या जोडीत. पावणेचार मिनिटांचा सगळा कारभार. २०११ साली गागारिनच्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा अंतराळस्थानकातून केडी कोलमन ही अंतराळवीर आणि पृथ्वीवरून अँडरसन यांनी जुगलबंदीसाठी हीच रचना निवडली होती.

१९७१च्या ‘अ‍ॅक्वालंग’ने बँडला जगभर नेले. अँडरसनच्या तेव्हाच्या पत्नीने, जेनीने, थेम्सच्या काठावरच्या बेघर माणसांची छायाचित्रे काढली होती. त्यांतून शीर्षकगीत सुचले आणि त्याच्या शब्दांतही तिचा वाटा आहे. मुखपृष्ठावरचा फाटक्या कोटातला म्हातारा इतका अँडरसनसारखा दिसतो, की तो तोच असे लोक धरून चालले; अँडरसनला ते चित्र कधीच आवडले नाही. त्याहून मोठा गैरसमज समीक्षकांचा. एका बाजूला रस्त्यावरची माणसे, दुसऱ्या बाजूला देव आणि धर्मसंस्था, एवढ्या आधारावर त्यांनी हा एकाच संकल्पनेभोवती रचलेला ‘कन्सेप्ट अल्बम’ असल्याचे जाहीर करून टाकले. अँडरसन म्हणे, ही नुसती गाणी आहेत. कोणी ऐकले नाही. तेव्हा, कन्सेप्टच हवा ना, मग सर्व कन्सेप्ट अल्बमांची आईच तुम्हाला देतो, असा पवित्रा घेऊन १९७२ साली त्याने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढला: तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तासाच्या आतबाहेरचे एकच गाणे.

हे काव्य जेराल्ड बॉस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाने लिहिले असून स्पर्धेतले त्याचे बक्षीस तक्रारींमुळे काढून घेण्यात आले, अशी बातमी वेष्टणावर छापली होती. वेष्टण म्हणजे बारा पानांचे सबंध गावठी वर्तमानपत्रच होते. त्यात स्थानिक बातम्या, जाहिराती, शब्दकोडे, ठिपके जोडा आणि खुद्द याच अल्बमचे परीक्षणसुद्धा होते. संगीतापेक्षा वर्तमानपत्राला जास्त वेळ लागला असे बँडचे लोक सांगत, आणि ते पान उलगडून वाचणाऱ्याला खरेही वाटते. जेराल्ड खराच आहे असे मानणारे श्रोते पुढे कित्येक वर्षे भेटत राहिले. ही सरळसरळ थट्टा होती; ‘येस’, ‘इमर्सन लेक अँड पामर’ अशा तेव्हाच्या बँडांच्या भव्यतेची आणि थोडी स्वतःचीही. पण थट्टा करताना त्यांनी वाजवले मात्र जीव ओतून. एकट्या अकूस्टिक गिटारवर सुरू होणारी ती साधी चाल वेगवेगळ्या वेशांत परत येते, जॉन एव्हनचा ऑर्गन तिला ओढत नेतो, बॅरी बार्लोचे ड्रम मात्रांची मोड-तोड करीत धावतात आणि तरी कुठे सांधा दिसत नाही. अमेरिकेच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे आज नवख्याला दाखवायचे तर लोक ही विडंबनाचीच तबकडी हातात देतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात.

लगेच आलेला ‘अ पॅशन प्ले’ही अमेरिकेत पहिला आला, पण त्यात हसू हरवले आहे. मृत्यूनंतरच्या प्रवासाची ती गुंतागुंत मला आजही दमवते. मध्येच चष्मा हरवलेल्या सशाची गोष्ट येते ती का, हे विचारू नये. समीक्षकांनी झोडपले आणि बँड निवृत्त होत असल्याचे वृत्त साप्ताहिकात झळकले. ते व्यवस्थापकाने पेरले होते आणि वादकांनाही नवीन होते.

पुढे मात्र तो शेतकऱ्याचा कोट खरोखर अंगाला बसला. १९७७चा ‘साँग्ज फ्रॉम द वूड’ आणि १९७८चा ‘हेवी हॉर्सेस’ हे इंग्लंडच्या मातीचे, सणांचे, कुंपणांचे अल्बम. दुसऱ्याचे शीर्षकगीत ट्रॅक्टरने बेकार केलेल्या नांगरटीच्या अवजड घोड्यांवर आहे आणि ते घोडे जातीनिशी येतात. याच सुमारास अँडरसनने स्काय बेटावर जमीन घेतली, पुढे सामन माशांची शेती काढली आणि शेकडो लोकांना रोजगार दिला. आठवड्यातले काही दिवस मासे आणि काही दिवस बासरी, असा हिशेब चालला.

मग १९८९चे ग्रॅमी. हार्ड रॉक आणि मेटल असा नवा विभाग निघाला होता आणि बक्षीस मेटॅलिका या मेटल बँडला मिळणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. मिळाले ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’साठी जेथ्रो टलला, सभागृहात हुर्यो उडाली. बँड तिथे नव्हताच, कारण बक्षीस मिळणार नाही तेव्हा जाण्याचा खर्च कशाला, असे तबकडी कंपनीचे मत पडले होते. यावर कंपनीने व्यापारी साप्ताहिकात जाहिरात दिली, की बासरी हे जड धातूचे वाद्य आहे. १९९२मध्ये मेटॅलिकाला मेटलचे ग्रॅमी मिळाले तेव्हा त्यांच्या ड्रमरने यंदा अल्बम न काढल्याबद्दल जेथ्रो टलचे आभार मानले. खरे तर त्यांनी आदल्या वर्षी काढला होता.

मुंबईशी या बँडचे नाते एका वाईट आठवड्यात जडले आहे. २९ नोव्हेंबर २००८ रोजी अनुष्का शंकर यांच्यासह त्यांचा कार्यक्रम तिथे ठरला होता. हल्ल्यांमुळे तो रद्द झाला. अँडरसनने तो मदतनिधीच्या मैफलीत बदलला आणि ५ डिसेंबरला मुंबईतच केला. आठवड्याच्या आत परदेशी कलाकार परत उभा राहतो, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती.

या सगळ्या गैरसमजांत एका माणसाचे नुकसान झाले असे मला वाटते, तो गिटारवादक मार्टिन बार. १९६८च्या अखेरीस तो आला आणि चार दशकांहून अधिक काळ अँडरसनच्या शेजारी उभा राहिला. ‘अ‍ॅक्वालंग’ची ती सहा सुरांची सुरुवात जग ओळखते, पण बँड म्हणजे बासरी असे एकदा ठरल्यावर गिटारकडे कोण पाहतो? त्या गाण्यातला एकल तुकडा तो ध्वनिमुद्रित करीत असताना शेजारच्या स्टुडिओत लेड झेपलिन हा बँड काम करीत होता आणि त्यांचा गिटारवादक जिमी पेज काचेपलीकडून हात हलवीत होता, असे बार सांगतो. हात हलवून उत्तर द्यावे तर तुकडा फुकट जाणार, म्हणून तो नुसता हसला आणि वाजवत राहिला. तो तुकडा ऐकताना हे आठवले की त्यातली ऐट आणखी कळते. ‘द झेलट जीन’ने २०२२ साली बँडच्या नावाने पुन्हा नवे अल्बम सुरू झाले. १९८४नंतर बिघडलेला अँडरसनचा आवाज त्यांत थकलेला आहे, लेखणी मात्र शाबूत आहे, बासरी तर पूर्वीपेक्षा स्वच्छ. पण बार नाही. बँडचे नाव उसने असले तरी चालले, गिटार उसनी चालत नाही, असे माझे हट्टी मत आहे.