कॉनन, दुसरी फेरी: तलवारीच्या मागोमाग

मंडळी, कॉनन या रानटी तलवारबाज नायकाच्या जगातल्या चारही चित्रपटांची दुसरी फेरी काल रात्री संपली. पहिल्या फेरीत कथेच्या ओघात वाहून गेलो होतो. या वेळी फक्त तलवारीकडे लक्ष ठेवलं. ती हातात कशी येते, जड वाटते का, आणि कथेत तिचं पुढे काय होतं, एवढंच टिपायचं ठरवलं होतं.

जॉन मिलियसच्या १९८२च्या 'कॉनन द बार्बेरियन'ने पुन्हा मान पटकावली. सुरुवातीलाच बेसिल पोलेडोरिसचं दणदणीत संगीत आणि धगधगती भट्टी. पोलाद साच्यात ओततात, ऐरणीवर घण पडतो, आणि लालबुंद पात्याला बर्फात पाणी देतात. लोहारकाम जाणणारे सांगतील की पातं ओतत नाहीत, घडवतात. बरोबरच आहे ते. पण त्या दोन-तीन मिनिटांत तलवारीमागचे कष्ट डोळ्यांसमोर येतात, आणि पुढे कॉननच्या बापाची तीच तलवार खलनायक थल्सा डूमच्या हातात दिसते तेव्हा पोटात खड्डा पडतो. शेवटी डूमचा साथीदार रेक्सॉर याच्याशी लढताना ती मोडते, कॉननच्याच घावाने. आणि त्याच मोडक्या तुकड्याने तो डूमचा शेवट करतो. एका तलवारीचा भट्टीपासून तुकड्यापर्यंतचा प्रवास! पहिल्या फेरीत हा धागा माझ्या नजरेतून निसटला होता.

थडग्याचा प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. लांडगे मागे लागलेले, कॉनन एका भगदाडात घसरतो. आत सिंहासनावर राजाचा सांगाडा, जवळ तलवार. ती घेतल्यावर सांगाड्याची मान हलते, तेव्हा क्षणभर वाटतं की राजा उठतोय. कॉनन पात्यावर शतकानुशतकं साचलेली पुटं झाडतो आणि बाहेर येऊन आपल्या पायातली साखळी तोडतो. संवाद जवळपास नाहीतच. या तलवारींचं रेखाटन रॉन कॉबचं, घडवल्या जोडी सॅमसनने. कॉनन झालेल्या अरनॉल्ड श्वार्त्झनेगरला तलवारबाजी शिकवली कियोशी यामाझाकी यांनी, आणि ते पडद्यावरही गुरू म्हणून दिसतात. त्याच्या उभं राहण्यात ती तालीम कळते. पाय आधी रोवतो, मग वार करतो.

१९८४च्या 'कॉनन द डिस्ट्रॉयर'मध्ये दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर, आणि मुलांनाही चालेल असा सौम्य सूर. मला सर्वांत खटकलं ते पहिल्या भागात मेलेल्या कॉननच्या प्रेयसीचं, व्हॅलेरियाचं. तिला परत जिवंत करण्याचं वचन राणी टॅरामिस देते, म्हणून तर कॉनन निघतो. पण वाटेत त्या दुःखाची आच कुठे जाणवत नाही. पहिल्या भागात तिची चिता पेटते आणि कॉनन रडत नाही म्हणून त्याचा मित्र सुबोताई रडतो, ते आठवून जास्तच चुटपुट लागते. आरशांच्या दालनातली झुंज मात्र झकास. त्या राक्षसावर वार लागू पडत नाही, आरसा फुटला की तो घायाळ होतो. म्हणजे बाहुबळापेक्षा निरीक्षण कामी येतं. ग्रेस जोन्सने केलेली लढवय्यी झुलाही मनापासून आवडली. तिची काठी तलवारीइतकीच धारदार वाटते.

'रेड सोंजा' (१९८५) एकदाच पाहिला. दिग्दर्शक पुन्हा फ्लायशर, अरनॉल्ड इथे कॉनन नसून कॅलिडॉर. एन्नियो मोरिकोनेच्या संगीतासाठी जरूर ऐका. पहिल्या भागात व्हॅलेरिया झालेली सँडल बर्गमन इथे खलनायिका राणी गेड्रेन आहे, त्यामुळे लागोपाठ पाहताना गंमत येते.

२०११च्या नव्या 'कॉनन'बद्दल माझं मत थोडं बदललं, आणि ते रॉन पर्लमनमुळे. तो कॉननचा बाप आहे, लोहार आहे, आणि पोरासमोर पातं घडवताना आग नि बर्फ दोन्ही समजावतो. मग हल्ला होतो, वितळलेल्या धातूचं भांडं बापाच्या डोक्यावर टांगलेलं, साखळी पोराच्या हातात. हात भाजतायत तरी पोरगा सोडत नाही, शेवटी बापच ती ओढून घेतो. ज्या भट्टीने घर चालवलं तिच्यातच मरण! हे दृश्य पहिल्या चित्रपटाशेजारी अभिमानाने उभं राहील. पुढे जेसन मोमोआ चपळ आहे, मेहनत दिसते, पण लढायांत दृश्यं इतकी भराभर कापली आहेत की वार कुठून आला तेच उमगत नाही.

माझा क्रम: १९८२, मग बऱ्याच अंतराने २०११, त्यामागे १९८४, शेवटी सोंजा. पुढच्या फेरीत पडदा बंद ठेवून पोलेडोरिसने पहिल्या दोन्ही भागांना दिलेलं संगीत लागोपाठ ऐकणार आहे. हेडफोन दुरुस्त होऊन आले की सुरुवात.